साठी आली म्हणून बुद्धी नाठी? : विसरण्याचा आजार आणि आपल्या गावाचा आराखडा



या महिन्याच्या अभ्यासपाठाचं नाव वाचून काहीजणी म्हणतील, "ह्यात शिकायचं काय? म्हातारपण आलं की विसरणं आलंच." पण आपल्या गटांत एक गोष्ट वारंवार दिसते. एखादी ताई लागोपाठ दोन-तीन बैठकांना येत नाही. तिचा हप्ता थकतो. विचारलं तर सांगते, "आत्याबाईला एकटं सोडता येत नाही. कडी काढून कुठंबी निघून जातेत." आपण "बरं" म्हणतो, इतिवृत्तात गैरहजेरी लिहितो आणि पुढचा विषय घेतो.

त्या ताईची अडचण तिच्या एकटीच्या घरातली नाही. ती ग्रामसभेत, गावाच्या आराखड्यात आणि सरकारी दवाखान्यात मांडायची गोष्ट आहे. कशी मांडायची, ते आज शिकूत.

१. हा आजार आहे, चळ नव्हे

चष्मा कुठं ठेवला ते विसरणं आणि थोड्या वेळानं आठवणं, हे वयानं होतं. त्याची भीती नको. आजार वेगळा दिसतो. जन्मभर भाकरी थापलेल्या बाईला पिठात पाणी किती घालायचं ते कळेनासं होतं. तोच प्रश्न घडीघडीला विचारला जातो. आताच जेवलेला माणूस "मला सकाळपासून कुणी जेवायला दिलं नाही" असं शेजारी जाऊन सांगतो. स्वतःच्या गल्लीत वाट चुकते. रात्रीचा दिवस होतो. "सुनेनं माझी पाटली चोरली" असा आळ येतो. शेवटी शेवटी पोटची लेकही ओळखू येत नाही.

याला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावरही असा त्रास सुरू होऊ शकतो.

आपल्याकडे याला म्हातारचळ म्हणतात, नाहीतर "बाहेरचं झालं" म्हणून अंगारे-धुपारे करतात. त्यात पैसा जातो आणि वेळही जातो. वेळ जाणं जास्त वाईट, कारण विसरण्याची काही कारणं औषधानं बरी होतात. थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी किंवा चालू गोळ्यांचा परिणाम यानंही माणूस विसरभोळा होतो. तपासल्याशिवाय हे कळत नाही. आणि दोन-चार दिवसांतच एकदम भ्रम झाला, माणूस बरळायला लागला, तर तो लघवीचा जंतुसंसर्ग, ताप किंवा अंगातलं पाणी कमी होणं असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

खरा स्मृतिभ्रंश पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. पण निदान लवकर झालं तर काही काळ गोळ्यांचा उपयोग होतो आणि घर तयारीला लागतं. धोका कमी करणंही काही अंशी हातात आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं २०२४ मध्ये १४ कारणं सांगितली. कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, नजर कमी होणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, उदासी, एकटेपणा ही त्यांतली काही. या १४ कारणांवर आयुष्यभर काम झालं तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे मुलीची शाळा, बीपीची गोळी, म्हाताऱ्याचं कानाचं यंत्र ही सगळी या आजाराविरुद्धचीच कामं आहेत.

२. आपल्या गावात असे किती?

देशभरातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवरून २०२३ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या शंभर माणसांत साधारण ७ जणांना (७.४ टक्के) स्मृतिभ्रंश आहे. देशात अशी सुमारे ८८ लाख माणसं. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा बायांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त आढळलं.

आता आपला हिशोब करा. गावात साठीपुढची २०० माणसं असतील तर सरासरीनं १४-१५ जणांना हा आजार असू शकतो. नेमका आकडा गावागणिक बदलेल. पण "आमच्या गावात असं कुणी नाही" हे उत्तर बहुतेक गावांत खरं निघणार नाही.

३. ओझं कुणाच्या डोक्यावर येतं?

आपला जिल्हा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि काही लेकरं. घरात आत्याबाईला हा आजार असेल तर सुनेपुढं तीनच वाटा असतात.

पहिली, म्हातारीला सोबत नेऊन फडाशेजारच्या कोपीत ठेवायचं. जागा अनोळखी, त्यामुळं भ्रम आणखी वाढतो. शेजारी रस्ता, विहीर, उसाचं वाहन. दुसरी, तिला म्हाताऱ्याच्या नाहीतर बारा-तेरा वर्षांच्या नातीच्या भरवशावर सोडायचं. मग नातीची शाळा सुटते. तिसरी, सुनेनं मागं राहायचं. मग घरचा अर्धाच कोयता जातो, उचल कमी मिळते आणि फेडायचं कर्ज तेवढंच राहतं.

तिन्ही वाटांवर किंमत बाईच मोजते, नाहीतर मुलगी. ही किंमत कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेली नाही. कागदावर नसलेल्या गोष्टीसाठी निधी पडत नाही. धोरणासाठी पाठपुरावा करायचा तो यासाठी, की घरात चाललेलं हे काम कागदावर यावं आणि त्यात सरकारनं आपला वाटा उचलावा.

४. बीडच्या बायांमुळं धोरण हललेलं आहे

"आपल्यासारख्यांचं कोण ऐकतंय?" असं म्हणण्याआधी २०१९ आठवा. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जात होत्या, वर्षानुवर्षं. सगळ्यांना माहीत होतं, पण ते घरातलं दुखणं होतं. बाया बोलल्या, संघटनांनी मांडलं, वर्तमानपत्रांत आलं, विधिमंडळात गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यात अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं.

यातून शिकायचं ते हे: आधी बोलणं, मग मोजणं, मग नियम. मोजल्याशिवाय नियम झाला नाही.

या प्रश्नाचा आपल्या विषयाशीही संबंध आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००७ च्या अभ्यासात, पाळी जाण्याआधीच ज्यांची अंडाशयं काढली गेली अशा बायांमध्ये पुढं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळला. शस्त्रक्रिया जितक्या कमी वयात, तितका धोका जास्त. घाबरू नका. धोका वाढतो म्हणजे आजार होणारच, असं नाही. पिशवीसोबत अंडाशयंही काढली का, हे प्रत्येकीचं वेगळं असतं. ते दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद जपून ठेवा. पण विशी-तिशीत शस्त्रक्रिया झालेल्या आपल्या बहिणी हळूहळू साठीकडं जाणार आहेत. त्यांची वेळोवेळी तपासणी व्हावी ही मागणी आजच करावी लागेल.

५. आज आपल्या हातात काय आहे?

* दिव्यांग हक्क कायदा, २०१६ : यातल्या २१ प्रकारांच्या यादीत "स्मृतिभ्रंश" हे नाव नाही. पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यांतला गंभीर बिघाड येतो. त्या आधारे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं.
* ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी : ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. प्रमाणपत्र असलं की हा निधी मागता येतो.
* मानसिक आरोग्य कायदा, २०१७ : सरकारी खर्चानं चालणाऱ्या दवाखान्यात मानसिक आजारावर उपचार मिळणं हा यात हक्क आहे.
* ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम : २०१०-११ पासून आहे. त्याच्या आखणीनुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांसाठी वेगळी तपासणी आणि जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी १० खाटांचा कक्ष हवा.
* आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ : मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून घेऊन नंतर वाऱ्यावर सोडलं, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. विसरणाऱ्या माणसाचा अंगठा घेणं किती सोपं असतं, हे तुम्हाला सांगायला नको.
* पैशाचा आधार : ६५ च्या पुढच्या गरीब ज्येष्ठांसाठी श्रावणबाळ योजना, दिव्यांग व निराधारांसाठी संजय गांधी निराधार योजना. दोन्हींचे अर्ज तहसीलला. ७० च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे.
* फोन : टेलिमानस १४४१६, मनाच्या आणि मेंदूच्या त्रासाबद्दल सल्ल्यासाठी. एल्डरलाईन १४५६७, ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी.

आणखी एक गोष्ट. अंबाजोगाई तालुक्यात लोखंडी सावरगावला वृद्धत्व व मानसिक आजार केंद्र म्हणून सरकारी इमारत उभी आहे. कोरोनाच्या काळात २०२० मध्ये तिथं कोविड रुग्णालय होतं, म्हणून अनेकींना ती माहीत आहे. जवळच अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे वृद्धत्व आणि मानसिक आजार हे दोन्ही शब्द पाटीवर असलेली जागा आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथं स्मृतिभ्रंशाची तपासणी कोणत्या वारी होते, डॉक्टर कोण, गोळ्या मिळतात का, हे विचारणं आपला अधिकार आहे. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही.

६. दुसऱ्यांनी काय केलं?

केरळमध्ये १९९२ साली अल्झायमर रुग्णांसाठी एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिनं २०१० मध्ये देशातल्या स्मृतिभ्रंशाचा पहिला मोठा अहवाल काढून सरकारपुढं ठेवला. २०१४ मध्ये केरळ सरकारनं या संस्थेसोबत राज्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सगळ्या देशांना स्मृतिभ्रंशासाठी कृती आराखडा करायला सांगितलं.

गोव्याचं उदाहरण तर आपल्या कामाचं आहे. तिथं बारावीपर्यंत शिकलेल्या, डॉक्टर-नर्स नसलेल्या कार्यकर्त्यांना आठवडाभराचं प्रशिक्षण दिलं. त्या पंधरवड्यातून किमान एकदा रुग्णाच्या घरी जायच्या. आजार समजावायच्या, काळजी कशी घ्यायची ते दाखवायच्या, सांभाळणाऱ्या बाईचं ऐकून घ्यायच्या, सरकारी योजनांची माहिती द्यायच्या. ८१ कुटुंबांचा हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचं त्यात दिसलं. ना मोठी इमारत लागली, ना मोठं यंत्र. आपल्या गावात आशाताई आहेत, सीआरपी ताई आहेत. हे आपल्याकडं का होऊ नये?

७. आपण काय मागायचं?

मागणी जिथं पूर्ण होऊ शकते तिथंच करावी. सरपंचाकडं राज्याचं धोरण मागून उपयोग नाही.

गावात: साठीपुढच्या सगळ्यांची एकदा स्मरणशक्तीची चौकशी. दिव्यांग निधीत अशा रुग्णांचा समावेश. अंगणवाडी किंवा समाजमंदिरात आठवड्यातून दोन दिवस, दोन-तीन तास म्हाताऱ्यांना बसायची सोय, म्हणजे सांभाळणारीला बाजार, बैठक, दवाखाना उरकता येईल. उघड्या विहिरींना कठडा.

जिल्ह्यात: ठरलेल्या वारी स्मृतिभ्रंशाची तपासणी, गोळ्यांचा साठा, प्रमाणपत्राच्या शिबिरात मनोविकारतज्ज्ञ आणि आशाताईंना एक दिवसाचं प्रशिक्षण.

राज्यात: दिव्यांगांच्या नियमांत स्मृतिभ्रंशाचा नावानिशी उल्लेख. घरात पूर्णवेळ सांभाळणाऱ्या बाईला मदत. आणि आपल्या जिल्ह्याची खास मागणी: ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. मग हंगामात मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सहा महिन्यांची सोय का नको? हा प्रश्न लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळापुढं ठेवायचा आहे. प्रभागसंघाच्या लेटरहेडवर गेला तर त्याला वजन येईल.

८. कसं करायचं?

पहिली पायरी, मोजणी. प्रत्येक गटानं आपल्या घरांपुरती माहिती काढायची. साठीपुढची माणसं किती? त्यात रोजच्या कामात अडचण येईल इतकं विसरणारी किती? त्यांना कोण सांभाळतं? हंगामात कोण सांभाळतं? ग्रामसंघानं फक्त बेरीज करायची.

दुसरी पायरी, महिला सभा. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथं ठराव लिहून घ्या.

तिसरी पायरी, आराखडा. ग्रामसंघ दरवर्षी गावाचा आराखडा, म्हणजे आपला व्हीपीआरपी, करतोच. घरकुल, पाणंद रस्ता, शेततळं लिहिताना त्यातच ही मागणी लिहा. तो ग्रामसभेत गेला की ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घेण्याचा आग्रह धरता येतो.

चौथी पायरी, पोच. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

यासाठी तीन तारखा सोयीच्या आहेत. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन, तोवर मोजणी पूर्ण करा. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन, त्याच्या आगेमागे महिला सभा घ्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा. टोळ्या निघण्याआधी हे तिन्ही झालं पाहिजे, नंतर गावात हात वर करायला माणसं उरत नाहीत.

ठरावाचा नमुना:

*"आमच्या गावात साठ वर्षांवरील ___ व्यक्ती असून त्यापैकी ___ व्यक्तींना स्मरणशक्तीच्या गंभीर अडचणी असल्याचे ग्रामसंघाच्या पाहणीत दिसून आले आहे. त्यांची वैद्यकीय तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत करण्यात यावी, पात्र व्यक्तींना दिव्यांग प्रमाणपत्र मिळण्यासाठी साहाय्य करावे, दिव्यांग कल्याणाच्या ५ टक्के निधीत त्यांचा विचार व्हावा आणि आठवड्यातून दोन दिवस ज्येष्ठांसाठी दिवसा बसण्याची सोय करण्यात यावी, असा ठराव ही सभा करीत आहे. सूचक ___ अनुमोदक ___"*

९. हे करताना जपायचं

सभेत आकडा सांगायचा, नाव नाही. कुणाच्या आईला काय होतं याची गावभर चर्चा झाली तर पुढच्या वेळी कुणी दार उघडणार नाही. यादी बनवताना घरच्यांना विचारा आणि त्या म्हातारीलाही विचारा. सुरुवातीच्या काळात तिला पुष्कळ कळत असतं. "येडी" हा शब्द गटात कुणी वापरू नये. आणि आजार आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही. आपण चौकशी करायची, निदान डॉक्टर करतील.

घरी सांभाळणाऱ्या ताईंसाठी दोन शब्द. चोरीचा आळ आला तर वाद घालू नका, "चला, मिळून शोधू" म्हणा. तो आळ आजार घेतो, आत्याबाई नव्हे. त्यांच्या लुगड्याला किंवा गळ्यातल्या दोऱ्याला घरच्या फोन नंबरची चिठ्ठी शिवून ठेवा. आणि तुम्ही थकलात, चिडलात, रडलात तर तुमच्यात काही खोट नाही. हे काम एकट्या माणसाचं नाहीच. गटातल्या दोघींनी आठवड्यातून एकेक तास वाटून घेतला तर तो पहिला आधार. सरकारचा येईल तेव्हा येईल, हा उद्यापासून देता येतो.

बैठकीत चर्चेसाठी

१. गेल्या वर्षभरात आपल्या गटातली कोण घरच्या आजारी माणसामुळं बैठकीला आली नाही? आपण तिला काय विचारलं?

२. येत्या हंगामात गावात कोणकोणत्या घरी फक्त म्हातारी माणसं राहणार आहेत? त्यांच्याकडं रोज एकदा कोण डोकावेल?

३. ग्रामपंचायतीचा दिव्यांगांचा ५ टक्के निधी मागच्या वर्षी कशावर खर्च झाला? हे ग्रामपंचायतीत कोण विचारणार, कधी?

४. वर दिलेल्या मागण्यांपैकी आपल्या गावासाठी पहिली कोणती?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. मोजणीची बेरीज ग्रामसंघाकडून प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत द्या. सगळ्या गावांचे आकडे एकत्र करून जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन द्यायला आपण मिळूनच जाऊत.